लिव्हरमध्ये जायफळ, प्लीहेत साबुदाणा!

पॅथॉलॉजिस्टना भूक लागलेली असताना आजारांची नावं ठेवायला बसवू नये. बसवलं की काय होतं? वाचा: जायफळ लिव्हर, साबुदाणा प्लीहा, चॉकलेट सिस्ट, पॉपकॉर्न पेशी, स्ट्रॉबेरी पित्ताशय. हे मेनूकार्ड नाही मंडळी, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस आहे!

आजार ओळखायचे दोन रस्ते. एक, अवयव टेबलावर ठेवायचा, कापायचा आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचा. याला म्हणतात ग्रॉस. दुसरा, त्याचा झिरझिरीत काप काचेवर चढवून मायक्रोस्कोपखाली बघायचा. दोन्हीकडे काम एकच: जे दिसतंय ते ओळखीच्या कुठल्या गोष्टीसारखं दिसतंय? आणि माणसाच्या सगळ्यात ओळखीची गोष्ट कोणती? अर्थात, खाणं!

श्रीखंडासाठी जायफळ किसताना ते मधोमध कापून पाहिलंय का कधी? फिक्या रंगावर गडद तांबूस नक्षी. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागे लिव्हरमध्ये तुंबतं. तिथल्या बारीक शिरांभोवतीचा भाग गडद लाल होतो, आजूबाजूचा फिकट राहतो. कापलं की थेट जायफळ! म्हणजे बघायचं लिव्हर आणि पकडायचं हृदयाला. चोर एका घरात, पाऊलखुणा दुसऱ्या घरात.

साबुदाण्याची गंमत त्याहून भारी. प्लीहेत अमायलॉइड नावाचा पदार्थ साचला की कापलेल्या भागावर शिजवलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक दाणे दिसतात. १८५४ मध्ये रुडॉल्फ फिरखो या जर्मन दिग्गजाने अशा पदार्थावर आयोडीन टाकलं. रंग बदलला आणि साहेबांना वाटलं, हा तर पिठूळ स्टार्च! नावही तसंच पडलं. पाचच वर्षांत, १८५९ मध्ये, कळलं की यात स्टार्च नाहीच, हे प्रथिन आहे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. थोडक्यात, हा साबुदाणा उपासालाही चालत नाही आणि पिष्टमयही नाही.

आता अमायलॉइड पकडायला कुठला रंग वापरतात, माहीत आहे का? काँगो रेड. हा रंग जन्मला कापड रंगवण्यासाठी, १८८३ मध्ये. बाजारात आला तेव्हा बर्लिनमध्ये आफ्रिकेतल्या काँगोवरून मोठी परिषद गाजत होती. मग काय, चर्चेतलं नाव उचला आणि डब्यावर लावा! मार्केटिंगवाल्यांनी तेव्हाही संधी सोडली नाही. हाच कापडवाला रंग अमायलॉइडवर चढवून पोलराइज्ड प्रकाशात बघितला, की लालाचा होतो हिरव्या सफरचंदाचा रंग. पुन्हा फळच!

अमिबामुळे लिव्हरमध्ये जो पू साचतो, त्याला इंग्रजी पुस्तकं ‘अँकोव्ही सॉससारखा’ म्हणतात. आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हा सॉस कधी चाटलेला नाही, तरी परीक्षेत तो बिनचूक लिहिला आहे. कोकणवाल्यांनो, कॉलर ताठ करा. आपली मांदेली याच अँकोव्ही घराण्यातली! (जेवताना हा परिच्छेद वाचत असाल तर सॉरी हं.)

बाकीचा मेनू झटपट: उच्च रक्तदाब सोसलेल्या किडनीतल्या रक्तवाहिन्यांना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर. काही गाठींच्या पेशींचं केंद्रक कॉफीच्या बीसारखं, मधोमध चीर असलेलं. न्यूरोएंडोक्राइन गाठींमध्ये मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके. फॅल्सिपेरम मलेरियाच्या जंतूची एक अवस्था चक्क केळं. आणि पाठीवर-छातीवर जे पांढरट शिबं उमटतं ना, त्याची बुरशी मायक्रोस्कोपखाली स्पॅगेटी आणि मीटबॉल्स! नाव आपल्याकडे ठेवलं असतं तर शेवया आणि बुंदी झालं असतं, पैज लावा.

अंडं फ्राय, पण फसवं

मेंदूतल्या ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा नावाच्या गाठीत पेशी हुबेहूब हाफ फ्राय दिसतात. मधे गोल केंद्रक, भोवती स्वच्छ पांढरं वलय. पण माहीत आहे का, ते वलय खऱ्या पेशीत नसतंच! ऊतक फॉर्मलिनमध्ये टिकवण्याच्या प्रक्रियेत ते तयार होतं. ऑपरेशन चालू असताना गाठ गोठवून पटकन काप घेतला, तर अंडं गायब. म्हणजे निदानाची सगळ्यात प्रसिद्ध खूण ही मुळात लॅबने केलेली गडबड आहे. आणि तरीही डॉक्टर तिच्यावर प्रेम करतात.

थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरचीही तीच कथा. त्यातली केंद्रकं रिकामी, पोकळ, बुबुळ नसलेल्या डोळ्यांसारखी दिसतात. त्यांचं नाव ‘ऑर्फन अ‍ॅनी’. १९२४ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रात सुरू झालेल्या कॉमिक स्ट्रिपमधली ही अनाथ मुलगी, जिचे डोळे चित्रकाराने कोरेच ठेवले. तोही बराचसा फॉर्मलिनचाच खेळ. कार्टून वाचून वेळ वाया जातो म्हणणाऱ्या आईबाबांना हे जरूर सांगा.

कॉमिक झालं, आता पक्षी. सायटोमेगॅलो व्हायरस पेशीत शिरला की पेशी फुगते आणि तिच्या केंद्रकात एक मोठा गडद गोळा दिसतो, भोवती मोकळी कड. घुबडाचा डोळा! आपल्याकडे घुबड दिसणं अपशकुनी. इथेही फार शुभ नाही म्हणा.

आणि घुबड आलं म्हणजे रात्र आली, रात्र म्हणजे तारे. बर्किट लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या स्लाइडला म्हणतात ‘ताऱ्यांनी भरलेलं आकाश’. गडद निळ्या पेशींची गच्च गर्दी हे आकाश, आणि मेलेल्या पेशी खाऊन साफसफाई करणाऱ्या फिकट पेशी हे तारे. नाव रोमँटिक, आजार भयंकर घाईचा. माणसाच्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या गाठींपैकी ही एक. तारे जितके जास्त, तितक्या पेशी मरतायत आणि तितक्याच झपाट्याने नव्या जन्मतायत.

हा आजार १९५८ मध्ये जगासमोर मांडणारे डेनिस बर्किट हे युगांडात काम करणारे आयरिश सर्जन. लहानपणीच्या अपघातात त्यांचा एक डोळा गेलेला. पण उरलेल्या एका डोळ्याची नजर पाहा! १९६१ मध्ये जुनी स्टेशन वॅगन घेऊन ते आफ्रिकेत सुमारे १० हजार मैल हिंडले, ही गाठ कुठे आढळते आणि कुठे नाही ते नकाशावर मांडायला. पुढे १९६४ मध्ये याच गाठीच्या पेशींत एपस्टाइन-बार व्हायरस सापडला. व्हायरस माणसात कॅन्सर घडवू शकतो, याचा हा पहिला मोठा धागा.

आता थोडं रंगकाम

स्लाइड जांभळी-गुलाबी का दिसते, विचार केलाय? ऊतकाला स्वतःचा फारसा रंग नसतो. जवळजवळ पारदर्शकच. जांभळट निळा येतो हिमॅटॉक्सिलिनमधून, म्हणजे मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून. हे लाकूड आधी कापड रंगवायला युरोपात जायचं. गुलाबी येतो इओसिनमधून, जो १८७०च्या दशकात बनला आणि ज्याचं नाव ग्रीकांच्या पहाटेच्या देवीवरून, इओसवरून, आलं. आज जगभरातल्या लॅबमध्ये रोज होणारं कॅन्सरचं निदान म्हणजे एका झाडाचा आणि एका पहाटेचा संगम! सव्वाशे वर्षं उलटली, स्टेन तोच. फॅशनमध्ये इतका टिकलेला ड्रेस दुसरा दाखवा.

आणि फॉर्मलिन? १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम हे जर्मन डॉक्टर फॉर्माल्डिहाइडने जंतू मरतात का ते तपासत होते. काम करता करता लक्षात आलं, आपली बोटंच कडक होतायत. बोटं कडक होतात तर ऊतकही होईल की! झालं, सापडली ऊतक टिकवायची युक्ती. ब्लूम त्यानंतर ९४ वर्षांचे होईपर्यंत जगले. स्वतःलाही चांगलंच टिकवलं म्हणायचं.

स्लाइडवरचा काप किती पातळ, माहीत आहे का? साधारण ३ ते ५ मायक्रॉन. ४ मायक्रॉन धरले, तर १ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून २५० काप निघतील. मेणात बसवलेला तुकडा मायक्रोटोमवर कापला जातो आणि तो तलम काप कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर उचलतात. हे करणाऱ्या टेक्निशियनचा हात बघावा! कापाला सुरकुती पडली की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण अर्धं श्रेय या हाताचं. ते कुठेच छापलेलं नसतं, म्हणून इथे छापतोय.

हीच स्लाइड स्कॅन केली तर? २० बाय १५ मिलिमीटरचा तुकडा, पाव मायक्रॉनला एक पिक्सेल. करा गुणाकार: ४८० कोटी पिक्सेल! तुमच्या फोनचा कॅमेरा कोपऱ्यात जाऊन रडेल.

ऑपरेशन टेबलावर पेशंट झोपलेला असतानाच निदान हवं, हा हट्ट होता अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या विल्यम मेयो यांचा. १९०५च्या हिवाळ्यात तिथले पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांनी काय केलं? मिनेसोटाची हाडं गोठवणारी थंडी कामाला लावली. तुकडा खिडकीबाहेर ठेवला, तो गोठला, मग काप घेऊन निळा रंग दिला. काही मिनिटांत उत्तर! आज याला फ्रोझन सेक्शन म्हणतात आणि खिडकीच्या जागी क्रायोस्टॅट मशीन आलं आहे. बरं झालं. मे महिन्यात नागपुरात खिडकी उघडून बघा काय गोठतंय ते.

मुंबई कनेक्शन!

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे डॉक्टरांचं जगप्रसिद्ध पुस्तक. पहिली आवृत्ती १८५८. त्यातली चित्रं ज्यांनी काढली ते हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी कुठे पोचले, ओळखा. मुंबईत! ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवू लागले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होते. पुस्तक मात्र लेखक ग्रे यांच्या एकट्याच्या नावाने गाजलं.

इथे कार्टरना भेटला एक विचित्र आजार. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा पाय सुजायचा, त्याला भोकं पडायची आणि त्यातून दाणे बाहेर यायचे. कधी काळे, कधी पांढरट, कधी लाल. मदुराईवरून याला ‘मदुरा फूट’ म्हणत. कार्टरनी पाय कापून पाहिला, दाणे मायक्रोस्कोपखाली धरले, चित्रं काढली आणि हे बुरशीचं काम असल्याचं मांडलं. १८७४ मध्ये त्यांचा याच आजारावरचा, म्हणजे मायसेटोमावरचा, ग्रंथ आला. दाण्याचा रंग आजही कामाचा आहे: काळा दिसला तर बुरशी, लाल दिसला तर बहुधा बॅक्टेरिया, आणि दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी. नुसत्या डोळ्यांनी रंग बघून अर्धं निदान! ग्रेंपेक्षा कार्टरवर आपला हक्क जास्त आहे असं मला तरी वाटतं.

दुसरं नाव तर घरचंच: डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या पॅथॉलॉजीची घडी या माणसाने बसवली. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९५४ मध्ये पद्मभूषण.

खानोलकरांनी काय पकडलं, माहीत आहे का? धोतराचा कॅन्सर! १९४५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह शोधनिबंध लिहिला, विषय होता लोकांच्या सवयी आणि कॅन्सर. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधलेलं धोतर, तिथे घर्षण, काळा पडलेला आणि चट्टे आलेला पट्टा, आणि काहींना तिथेच त्वचेचा कॅन्सर. त्याच निबंधात खैनीचा कॅन्सरही: तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या आत जिथे ठेवतात, नेमका तिथेच. काश्मिरात पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरणाऱ्यांचा कॅन्सर तर एकोणिसाव्या शतकातच नोंदला गेला होता. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी साडीच्या कॅन्सरचीही नोंद केली, जागा तीच, परकराची नाडी. असे रुग्ण अगदी विरळा, तेव्हा घाबरून वॉर्डरोब रिकामा करू नका. नाडी थोडी सैल करा, जागा अधूनमधून बदला, आणि काळ्या पट्ट्यावर बरी न होणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवा. तंबाखूला मात्र अशी सवलत नाही. ती सोडाच.

विचित्र पण सत्य

बीजांडकोशातली डर्मॉइड सिस्ट उघडली की आत काय सापडतं? केस. तेलकट पदार्थ. आणि चक्क दात! भूतबाधा नाही, करणी नाही. बीजपेशीला शरीरातली कुठलीही ऊतकं बनवता येतात, एवढंच. क्वचित आत थायरॉइडही सापडतो आणि तो इतका उत्साही असतो की पोटात बसून हार्मोन सोडतो.

पोट साफ व्हावं म्हणून वर्षानुवर्षं सोनामुखी घेताय? मग तुमचं मोठं आतडं आतून काळपट तपकिरी झालेलं असू शकतं. याला मेलॅनोसिस म्हणतात, पण गंमत अशी की त्यात मेलॅनिन नसतंच. त्रास सहसा होत नाही, सोनामुखी बंद केली की काही महिन्यांत रंगही निवळतो. कोलोनोस्कोपी करणाऱ्याला मात्र लगेच कळतं, तुम्ही रात्री काय घेता ते!

अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या वरच्या जबड्याची गाठ १८९३ मध्ये काढली गेली. कुठे? गुपचूप, समुद्रावर, ‘ओनायडा’ नावाच्या यॉटवर! लोकांना सांगितलं, दाताचा त्रास. ती गाठ आज फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये बरणीत आहे. विसाव्या शतकात तिचे काप पुन्हा तपासले तेव्हा निदान झालं व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच, पण सहसा दूरवर न पसरणारा. अध्यक्षांची गुपितं बरणीतसुद्धा राहत नाहीत.

जॉर्ज पापानिकोलाऊ हे गर्भाशयमुखाचा कॅन्सर हुडकणाऱ्या पॅप स्मिअर तपासणीवाले ग्रीक डॉक्टर. अमेरिकेत आल्यावर सुरुवातीला दुकानात गालिचे विकले. संशोधनासाठी स्मिअर लागायचे ते वर्षानुवर्षं कोणी दिले? पत्नीने! युरो येण्याआधी ग्रीसच्या १० हजार द्राख्माच्या नोटेवर पापानिकोलाऊंचा फोटो होता. नोटेवर जागा खरं तर दोघांना हवी होती.

ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला ११ जून १९७९ रोजी, नेमक्या ४२व्या वाढदिवशी, जठराच्या तुकड्यावर वाकडे जंतू दिसले. सगळे म्हणाले, इतक्या अ‍ॅसिडमध्ये जंतू जगूच शकत नाहीत. १९८४ मध्ये सहकारी बॅरी मार्शल यांनी ते जंतू सरळ पिऊन टाकले आणि जठराला सूज आणून दाखवली! २००५ मध्ये दोघांना नोबेल. (घरी करून पाहू नये.)

आणि आता… कबुतर!

होय, तेच. गॅलरीत घाण करणारं. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कबुतरांना स्तनाच्या ऊतकाच्या स्लाइड दाखवल्या. साधी असेल तर एका रंगाच्या पट्टीवर चोच मारायची, कॅन्सर असेल तर दुसऱ्या. बरोबर आलं की दाणा. पहिल्या दिवशी उत्तरं नाणेफेकीइतकीच. सुमारे १५ दिवसांत अचूकता ८५ टक्क्यांवर! कधीही न पाहिलेल्या स्लाइडही बरोबर ओळखल्या, म्हणजे घोकंपट्टी नव्हे. आणि चार कबुतरांची उत्तरं एकत्र केली तर? ९९ टक्के. कट्ट्यावरची चर्चा असावी तर अशी.

पण हुरळू नका. मॅमोग्रामवर गाठ साधी की वाईट हे ठरवायला लावलं, तेव्हा शिकवलेली चित्रं पाठ झाली आणि नवीन आली की गडी गडबडले. तेव्हा दादरच्या कबुतरखान्याला लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं सर्टिफिकेट मिळण्याची शक्यता सध्या तरी नाही.

मेणातलं भूत

शेवटचा धमाका. १८३२ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी गाठींचा एक आजार वर्णन केला. मायक्रोस्कोपशिवाय, नुसत्या डोळ्यांनी! त्यांनी पाहिलेले काही नमुने म्युझियमच्या बरण्यांत राहिले. जवळजवळ १०० वर्षांनी, १९२६ मध्ये, त्यांचे काप काढून मायक्रोस्कोपखाली धरले, तर त्यांतल्या काहींमध्ये खरोखरच हॉजकिनचा आजार. नजर असावी तर अशी!

त्याहून थरारक १९९७ची गोष्ट. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये सरकारी संग्रहात पडून होता. ७९ वर्षांनी जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या टीमने त्यातून त्या व्हायरसच्या जनुकांचे तुकडे वाचून काढले. बोटाच्या पेराएवढ्या मेणात जगाला हादरवणारी साथ!

म्हणून वाचकहो, एवढं करा. घरात कुणाची बायोप्सी झाली आणि बाटली लॅबमध्ये न्यायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर विचारा, आत फॉर्मलिनच आहे ना? डॉक्टरांनी मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल, तर साधं पाणी किंवा सलाइन नको. तुकडा त्यात पूर्ण बुडालेला हवा, बाटलीवर नाव आणि तारीख हवी. सेकंड ओपिनियन घ्यायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. आणि तो ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे, वितळतं!